आकडा वाढवून मतदार परत येत नाही: हरलेल्या पक्षाने भूमिका बदलायची तर कशी

प्रश्न असा आहे की जून २०२४ ला लोकसभेत महाविकास आघाडीने महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा घेतल्या आणि साडेपाच महिन्यांत विधानसभेला २८८ पैकी ४६ वर आली, तर असा हरलेला पक्ष मतदार परत आणण्यासाठी आपल्या भूमिकेत आणि जाहीरनाम्यात काय बदलू शकतो. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, सर्व्हे, बूथची बांधणी, जाहीरनाम्याचे मसुदे, आणि उमेदवार वेगवेगळ्या पक्षांचे होते, त्यामुळे कुणा एकाची बाजू घेऊन लिहीत नाहीये. मतदारयाद्यांवरचे आणि मतमोजणीवरचे आक्षेप हा वेगळा विषय आहे, तो इथे घेत नाही, कारण ते बाजूला ठेवलं तरी भूमिकेचा प्रश्न उरतोच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लोकांचं नेमकं कुठलं काम अडलंय ते शोधायचं, ते काम पक्षाने अंगावर घ्यायचं, मतदानाच्या वर्षभर आधी घ्यायचं, आणि त्यापायी आपल्याच माणसांपैकी कुणी नाराज झालं तर होऊ द्यायचं. एवढं केलं तर भूमिका बदलली असं मी म्हणेन. नुसती आश्वासनं वाढवली तर जाहीरनामा जाड होतो, बाकी काही होत नाही.

आता लोकसभेचा निकाल नीट बघा, कारण गडबड तिथूनच सुरू झाली. आघाडीच्या जागा ३० आणि सत्ताधारी महायुतीच्या १७ होत्या, पण दोन्ही बाजूंच्या मतांमधला फरक एक टक्क्याच्या आत होता. म्हणजे मतदार आघाडीकडे लोंढ्याने आला नव्हता, सत्ताधाऱ्यांवर वेगवेगळ्या कारणांनी रागावलेले वेगवेगळे गट एका बाजूला पडले होते. नाशिक, दिंडोरी, नगर या पट्ट्यात कांदा होता, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी घातली ती मे २०२४ पर्यंत उठली नाही, आणि उठली तेव्हाही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरची किमान किंमत लावूनच उठली, दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. मराठवाड्यात अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर झालेल्या लाठीमारानंतरचा मराठा समाजाचा राग होता, आठपैकी फक्त एक जागा महायुतीला मिळाली. दलित वस्त्यांमध्ये ‘चारशे पार’ म्हणजे संविधानाला हात लागणार ही भीती खरीखुरी होती, ती मी स्वतः घराघरात ऐकली आहे. हे तिन्ही राग खरे, पण राग भाड्याने मिळालेला असतो. ज्याच्यावर राग आहे त्याने कारण दूर केलं की तो संपतो, आणि तोपर्यंत तुम्ही त्या माणसाशी दुसरं कुठलं नातं जोडलेलं नसेल तर तो तुमच्याकडे थांबायला काही बांधील नाही.

आणि महायुतीने नेमकं तेच केलं, कारणं एकेक करून दूर केली. हा काळ कुठल्याही पक्षाच्या माणसाने अभ्यास करावा असा आहे, ४ जून ते १५ ऑक्टोबर, म्हणजे निकालापासून आचारसंहितेपर्यंत. २८ जूनच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण आली, महिन्याला १५०० रुपये. कल्पना मध्य प्रदेशातल्या लाडली बहनाची, नवीन काहीच नव्हतं. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल माफ झालं. सप्टेंबरात कांद्यावरची किमान निर्यात किंमत काढली आणि शुल्क ४० वरून २० वर आणलं. कापूस-सोयाबीनवाल्यांना आधीच्या हंगामाचे हेक्टरी ५००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. छोट्या छोट्या समाजांसाठी एकापाठोपाठ एक महामंडळं. आचारसंहितेच्या आदल्या दिवशी मुंबईच्या पाच नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ. यातलं काय चांगलं आणि तिजोरीला काय परवडणारं यावर वाद घालता येईल आणि घातलाच पाहिजे, पण कामाची पद्धत बघा, जिथून मतं गेली तिथली तक्रार आधी लिहून घेतली आणि प्रत्येकीसमोर काहीतरी करून दाखवलं.

लाडकी बहीणमध्ये सगळे १५०० चा आकडा बघतात, मी जुलैचा पहिला आठवडा बघतो. योजना जाहीर झाली आणि लगेच सेतू केंद्रावर आणि तहसीलला रांगा लागल्या, उत्पन्नाचा दाखला पाहिजे, डोमिसाइल पाहिजे, एजंट पैसे घ्यायला लागले, बायका चिडायला लागल्या. चार-पाच दिवसांत नियम बदलले, पिवळं-केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, डोमिसाइल नसेल तर पंधरा वर्षं जुनं रेशनकार्ड किंवा मतदार कार्ड किंवा शाळेचा दाखला चालेल, वय ६० चं ६५ केलं, पाच एकर जमिनीची अट काढून टाकली. फॉर्म भरायला अंगणवाडी सेविका लावल्या आणि त्यांना प्रत्येक अर्जामागे ५० रुपये ठरवले. म्हणजे अर्ज भरणारी बाई गावातली, ओळखीची, रोज दिसणारी. रक्षाबंधनाच्या आत दोन हप्ते खात्यात पडले आणि आचारसंहितेच्या आधी नोव्हेंबरपर्यंतचे पाच हप्ते मिळून ७५०० रुपये पोचले होते. माझ्या मते निवडणूक फिरली ती त्या अटी काढल्या तिथे. त्या अटी तशाच राहिल्या असत्या तर हीच योजना सरकारच्या अंगावर आली असती, दाखल्यासाठी उन्हात उभी राहिलेली बाई १५०० रुपयांपेक्षा तो हेलपाटा जास्त लक्षात ठेवते.

विरोधकांनी या काळात काय केलं? आधी म्हणाले तिजोरी रिकामी आहे, पैसे कुठून देणार, ही लाच आहे. योजनेविरुद्ध हायकोर्टात याचिका गेली, ती फेटाळली गेली, पण ‘हे लोक तुमचे पैसे बंद करणार’ असं सांगायला सत्ताधाऱ्यांना आयतं मिळालं. ऑगस्ट-सप्टेंबर हातचा गेला, ऑक्टोबर जागावाटपाच्या ओढाताणीत गेला. मग ५ नोव्हेंबरला कोल्हापुरात महायुतीने २१०० जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत बीकेसीच्या सभेत आघाडीने ३००० जाहीर केले, सोबत बसप्रवास मोफत, तीन लाखांपर्यंत कर्जमाफी, बेरोजगारांना ४०००, २५ लाखांचा आरोग्य विमा. मतदान २० तारखेला. म्हणजे जे चार महिने म्हणत होते परवडत नाही ते दुप्पट द्यायला निघाले, तेही दोन आठवडे राहिले असताना. मी तेव्हा लातूर-धाराशिवकडे फिरत होतो, औशाजवळच्या एका गावात ओट्यावर बसलेल्या एका मावशींनी मोबाइल पुढे केला, त्यात बँकेचा मेसेज होता, म्हणाल्या, “हे बघा हे आलेत. ते येणार म्हणत्यात.” पुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि मलाही विचारायची गरज वाटली नाही. विधानसभेला महिलांचं मतदान साधारण ६५ टक्के झालं, २०१९ ला ते ५९ च्या आसपास होतं.

तर पहिली गोष्ट, बोली लावू नका. सत्तेत असलेल्याकडे तिजोरी असते, त्याच्या आकड्यावर तुमचा आकडा कधीच भारी पडत नाही, आणि तुम्ही मोठा आकडा सांगितला की लोक हिशोब करतात. सोयाबीनचंच बघा, २०२४-२५ चा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल. एका बाजूने ६००० सांगितले, दुसऱ्या बाजूने ७०००. आणि त्याच महिन्यात शेतकरी आडतीवर, म्हणजे बाजारातल्या दलालाकडे, चार हजारांच्या आसपास विकत होता, ओला माल असेल तर त्याच्याही खाली. ज्याला ४८९२ च मिळत नाहीत त्याला ६००० काय आणि ७००० काय.

पण इथेच विरोधकांना खरी संधी होती, आणि अजून आहे, म्हणून जरा खोलात सांगतो. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं. तेव्हा दिवाळी तोंडावर असते, मजुरी द्यायची असते, कृषी सेवा केंद्राची उधारी असते, छोट्या शेतकऱ्याला थांबता येत नाही. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर जायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी, मग मेसेज येईपर्यंत वाट बघायची, आणि मॉइश्चर, म्हणजे मालातला ओलावा, १२ टक्क्यांच्या वर असलं की माल परत. त्या वर्षी काढणीला पाऊस होता, माल ओला होता, आणि १२ ची अट १५ वर नेल्याचा आदेश आला तो मतदानाच्या तोंडावर, तोपर्यंत ज्यांना गरज होती त्यांनी माल आडत्याला घालून टाकला होता. पुढे जानेवारीत केंद्रांवर बारदानाच, म्हणजे माल भरायची पोतीच, नाहीत म्हणून खरेदी रखडली. आता या माणसाला ७००० चं वचन देण्यापेक्षा असं सांगा की आमचं सरकार आलं तर खरेदी केंद्रं दसऱ्याच्या आत चालू होतील, माल वाळवायला तालुक्याला ओटे आणि शेड असतील, मॉइश्चरचं मीटर तुमच्यासमोर लागेल आणि आकडा पावतीवर येईल, बारदाना सप्टेंबरातच येऊन पडलेला असेल, पैसे आठ दिवसांत खात्यात. यातलं प्रत्येक वाक्य शेतकऱ्याला समजतं, कारण यातल्या प्रत्येक पायरीवर तो अडलेला असतो, आणि हे राज्याच्या हातात आहे, हमीभाव ठरवणं केंद्राच्या हातात आहे. जे आपल्या हातात नाही ते जाहीरनाम्यात लिहिलं की गावातला एखादा हुशार माणूस भर सभेत उभा राहून विचारतो, आणि विचारलंच पाहिजे.

शिवाय यासाठी सरकार यायची वाट बघायचीही गरज नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये बाजार समित्यांच्या निवडणुका झाल्या त्यात आघाडीने बऱ्याच समित्या जिंकल्या होत्या. म्हणजे विधानसभेच्या दीड वर्ष आधी यार्ड त्यांच्या हातात होते! दहा-वीस यार्डांत ओटे बांधले असते, प्रमाणित मीटर बसवले असते, मापात मारणाऱ्या दोन-चार आडत्यांचे परवाने निलंबित केले असते, तर नोव्हेंबरात उमेदवाराला भाषणात एवढंच म्हणता आलं असतं की जाऊन बघा. का नाही झालं हे? कारण बाजार समितीतला आडत्या हाच कित्येक ठिकाणी पक्षाचा तालुक्यातला आधार असतो, निवडणुकीत गाड्या तोच देतो. त्याला दुखवायचं कोण? मी वर जे नाराजीबद्दल म्हटलं ते हेच. मसुदा समितीत मी नेहमी विचारतो की या मुद्द्याने आपल्यातलं कोण चिडणार आहे, आणि कुणीच चिडणार नसेल तर तो मुद्दा बाहेर कुणालाही हलवणार नाही, खुशाल काढून टाका.

याचं उलटं उदाहरण, म्हणजे जमलेलं उदाहरण, अजित पवारांच्या राष्ट्रवादीचं आहे. लोकसभेला त्यांनी चार जागा लढवून एक जिंकली, रायगडची, आणि बारामती घरातच दीड लाखाच्या वर फरकाने गेली. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की बारामतीत पत्नीला बहिणीसमोर उभं करणं चुकलं. दिंडोरीपासून जनसन्मान यात्रा काढली, जिथे कांद्याने मार दिला होता तिथूनच सुरुवात, गुलाबी जॅकेट घातलं आणि भाषणात योजना सोडून दुसरं काही ठेवलं नाही, शरद पवारांवर टीका जवळजवळ बंद. लोक जॅकेटवर खूप बोलले, पण माझ्या लेखी मोठी गोष्ट ही की युतीत राहून त्यांनी ‘बटेंगे तो कटेंगे’ ही भाजपच्या प्रचारातली घोषणा महाराष्ट्रात चालणार नाही असं उघड म्हटलं आणि भाजपचा विरोध असताना नवाब मलिकांना उमेदवारी दिली. मलिक पडले, पण त्यातून त्यांच्या जुन्या मुस्लिम आणि पुरोगामी मतदाराला दिसलं की हा माणूस आपल्यासाठी मित्रपक्षाची नाराजी घेतोय. विधानसभेला ५९ लढवून ४१ आल्या आणि बारामती स्वतः लाखाच्या फरकाने जिंकले. सगळं श्रेय भूमिकेचं नाही, उमेदवार मातब्बर होते, सत्ता होती, साधनं होती. तरी जून आणि नोव्हेंबरमध्ये उमेदवारांची ताकद बदलली नव्हती, पक्ष काय सांगतोय ते बदललं होतं.

वेळेचा मुद्दा वेगळा सांगायला हवा कारण यात सगळेच कमी पडतात. मनसे २००६ ला निघाली, २००९ ला पहिल्याच विधानसभेत १३ आमदार आले, आणि महाराष्ट्राच्या विकासाची ब्लू प्रिंट येणार येणार असं कार्यकर्ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. ती आली सप्टेंबर २०१४ च्या शेवटी, मतदान १५ ऑक्टोबरला. त्यात मेहनत होती, विचार होता, वाचण्यासारखं बरंच होतं, पण जे कागद गटाध्यक्षाच्या हातात दोन वर्षं असायला हवे होते ते वीस दिवस होते, आणि आमदार एक आला. याउलट शिवसेनेचा ऐंशीच्या दशकातला बदल घ्या, १९६६ पासून मुंबई-ठाण्यातल्या मराठी माणसाचा पक्ष, तो हिंदुत्व घेऊन मराठवाड्यात शिरला. १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक, १९८८ ची औरंगाबाद महापालिका, १९९० ला ५२ आमदार, १९९५ ला भाजपसोबत सत्ता. भूमिका पटणं न पटणं वेगळं, पण बदल मुरायला सात-आठ वर्षं गेली, शाखा आधी उघडल्या आणि जाहीरनामा नंतर आला. १९९५ ला एक रुपयात झुणका-भाकर हे वाक्य शाळेतल्या पोराला पण पाठ होतं. पुढे ती केंद्रं बंद पडली हाही इतिहास आहे, आणि २००४ ला शेतीपंपांना मोफत वीज देऊन निवडून आल्यावर ती काढून घेतली हाही. मतदाराच्या डोक्यात हे सगळं असतं, तो प्रत्येक नवीन वचन या जुन्या वचनांशेजारी ठेवून बघतो.

आता प्रत्यक्ष सुरुवात कुठून करायची. सर्व्हेत ‘तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे मुद्दे कोणते’ हा प्रश्न काढून टाका. उत्तर ठरलेलं असतं, महागाई, बेरोजगारी, रस्ता, पाणी. त्यातून ठरलेला जाहीरनामा निघतो. मी विचारतो, मागच्या दोन महिन्यांत कुठल्या ऑफिसात चक्कर मारावी लागली, कशासाठी, काम झालं का, आणि शेवटी कुणी करून दिलं. मग माणूस बोलायला लागतो. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला, महावितरणकडून येईना, गावाने वर्गणी काढून ऑइल भरलं. जमीन मोजणीचे पैसे भरून वर्ष झालं, मोजणीदार आला नाही. बाप वारला, वारसाचा फेरफार होईना. रेशनकार्डात सुनेचं नाव लागेना. आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं, करून कुणी दिलं? सरपंचाने, एजंटने, की तुमच्या पक्षाच्या माणसाने? ज्या गावात एकही जण तुमच्या पक्षाच्या माणसाचं नाव घेत नाही तिथे जाहीरनामा कितीही चांगला लिहा, तो वाचून दाखवणाराच नाही.

आरक्षणाबद्दल दोन शब्द, कारण महाराष्ट्रात हे टाळून भूमिका ठरत नाही. दोन्ही आघाड्या मराठा आणि ओबीसी या प्रश्नावर जालन्यात एक आणि बीडमध्ये दुसरं बोलत आल्या. पूर्वी ते चालायचं. आता सभेतलं बोलणं त्याच रात्री दुसऱ्या तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऐकलं जातं आणि दोन्हीकडचा विश्वास जातो. माझा सल्ला असतो की एकच वाक्य ठरवा आणि ते मराठा वस्तीत आणि वंजारी-माळी-धनगर वस्तीत शब्दाला शब्द सारखं बोला, थोडी मतं जातील, पण राहतील ती पक्की राहतील. आणि ५० टक्क्यांची मर्यादा उठवू असं म्हणणाऱ्याने ती संसदेत कशी उठणार, कुणाच्या पाठिंब्याने, हे सोबत सांगितलं पाहिजे, नाहीतर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात मराठा आरक्षण रद्द झालेलं लोक विसरलेले नाहीत.

शेवटी जो प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, लाडक्या बहिणीचं काय करायचं, ३००० पुन्हा म्हणायचं का. नाही. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २१०० आले नाहीत, त्यावरून सरकारला जाब विचारणं हे विरोधकांचं कामच आहे, पण आपला आकडा पुढे करू नका. त्यानंतर बायकांची तक्रार बदलली आहे. हप्ता कधी येणार हे कळत नाही, एखाद्या महिन्यात येतच नाही, नाव का कापलं ते कुणी सांगत नाही, आणि ई-केवायसी आली तेव्हा नवरा आणि बाप दोघंही हयात नसलेल्या बाईने आधार कुणाचा द्यायचा असा प्रश्न पडला, म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज तीच अडकली. इथे पक्षाने सांगावं की रक्कम १५०० च राहील, पण दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पडेल, नाव कापायच्या आधी लेखी कारण मिळेल, आणि तालुक्याला एक माणूस असेल ज्याच्याकडे अपील करता येईल. आणि हे जाहीर करायच्या आधी आपल्या प्रत्येक बूथच्या माणसाला नाव कापलेल्या बायकांची यादी करून त्यांचे अर्ज तहसीलला न्यायला लावावं, पोच घ्यायला लावावी, आणि पुढच्या महिन्यात त्याच घरी जाऊन काय झालं ते विचारायला लावावं.